न घाबरणारे खातेदार

माणूस किती शूर आहे हे त्याच्या बोलण्यावरून कधी कळत नाही. बँक बुडतेय अशी आवई उठल्यावर तो किती मिनिटांत काउंटरवर पोचतो, त्यावरून कळतं. लक्झेंबर्गच्या टेकडीवरच्या एका काचेच्या इमारतीत हेच मोजण्याचं काम चालायचं, आणि शर्वरी चौबळ तिथे एकोणीस वर्षं तपासनीस होती.

इमारतीचं नाव संयुक्त ठेव-देखरेख कार्यालय. युरोपातल्या देशांनी आधी नाणं एक केलं, मग मोठ्या बँकांवरची देखरेख एक केली, मग शेअर आणि रोखे कुठल्याही देशातून कुठल्याही देशाचे एकाच खिडकीवर घेता येतील अशी सोय केली. राहिला होता शेवटचा, सगळ्यांत भांडणाचा तुकडा : ठेवींची हमी एक करणं. म्हणजे इटलीतल्या डोंगरात एखादी बँक बुडाली तर तिची भरपाई फिनलंडमधल्या सुतारानेही द्यायची. सुतार म्हणाला, देतो की, पण त्या बँकेत रोकड पुरेशी आहे हे आधी मला कोणीतरी खात्रीने सांगा. त्याचं काही चुकलं नव्हतं. दोन घरांमधली सामायिक भिंत बांधताना दोन्हीकडची माणसं असंच बोलतात.

म्हणून आरसा आला.

आरसा हे यंत्राचं टोपणनाव. कागदोपत्री त्याचं नाव दीड ओळीचं होतं. युरोपातल्या प्रत्येक खातेदाराची त्याच्यात एक सावली होती. सावली म्हणजे त्या माणसाच्या वागण्याचं गणिती सोंग. पगार जमा झाल्यावर तो किती तासांनी भाडं भरतो, दिवसातून किती वेळा शिल्लक बघतो, वाईट बातमी आल्यावर फोनकडे हात जायला किती वेळ लागतो, अशा वर्षानुवर्षांच्या नोंदींवर ती वाढायची, आणि नव्या नोंदी आल्या की बदलायचीही. माणसाच्या मनात काय आहे याच्याशी आरशाला कर्तव्य नव्हतं. हात काय करतो तेवढंच तो बघायचा.

दर सोमवारी आरसा सावल्यांच्या जगात एक खोटी आवई सोडायचा : अमुक बँक अडचणीत आहे. मग किती सावल्या पैसे काढायला पळाल्या आणि किती वेळात, ते मोजायचा. एकट्या माणसाबद्दल त्याचा अंदाज चुकायचा, हजारांबद्दल फारसा नाही. जिचे खातेदार कमी पळतात त्या बँकेला कमी रोकड ठेवायची मुभा, बाकीचे पैसे तिने खुशाल कर्जाऊ द्यावेत. जिचे जास्त पळतात तिने तिजोरी भरलेली ठेवावी.

आता यात शर्वरीचं काय, तर तपासनिसाला कुठलीही एक सावली कामापुरती उघडून बघता यायची. आणि शर्वरी सहा वर्षं दर गुरुवारी एकच सावली उघडत होती. तिच्या नवऱ्याची.

निनाद चौबळ पुलांचा इंजिनियर. सहा वर्षांपूर्वी बहिणीकडे नाशिकला गेला असताना तिथेच हृदयविकाराने गेला. पालिकेचा मृत्यूदाखला मराठीत मिळाला. इथल्या बँकेला तो फ्रेंच किंवा जर्मन भाषांतरासह हवा होता. शर्वरीने दाखला खणात ठेवला, भाषांतराचं बघू म्हणाली, आणि बँकेला कळवायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, ते आपण समजून घ्यायचं. दुसऱ्याच्या खातेपुस्तकातला पाच सेंटचा फरक जिच्या नजरेतून सुटत नाही, तिच्याकडून हे राहून गेलं.

खातं चालू, म्हणून सावली चालू. सावली सांगायची : गुरुवार, सकाळी दहा चाळीस, कॉफी आणि बदामाची पेस्ट्री, शक्यता ९१ टक्के. निनाद गुरुवारी घरून काम करायचा आणि त्या वेळेला कोपऱ्यावरच्या कॅफेत जायचा. शर्वरी वाचायची, कोट घालायची, त्या कॅफेत जायची आणि त्याच्या कार्डावर कॉफी आणि बदामाची पेस्ट्री घ्यायची. ती स्वतः चहावाली. कॉफी समोर ठेवून ती निवेपर्यंत बसायची. दर सात आठवड्यांनी सावली म्हणायची, केशकर्तन. ते पैसे निनादच्या कार्डावरून जायचे आणि केस शर्वरीचे कापले जायचे. कमरेपर्यंत आलेले तिचे केस सहा वर्षांत मानेच्या वर आले होते. ऑफिसातल्या बायका म्हणायच्या, तुम्हांला शोभतात हो आखूड.

अंदाज वाचणारीही तीच आणि तो खरा करणारीही तीच. तपासनिसांच्या भाषेत याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. घरच्या भाषेत संसार.

महिन्यातून एकदा नाशिकहून नणंदेचा फोन यायचा. विदुलाताई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. फोनवरही त्या हजेरीच घेत.

"दाखला दिलास का बँकेत?"

"भाषांतर करून घ्यायचंय, ताई."

"सहा वर्षं? एक पानाचा दाखला आहे तो, शर्वरी, ग्रंथ नाही."

"करते."

"निन्या असता तर त्याने बँकेवर एवढा विश्वास टाकला नसता, एवढंच सांगते. बाबांचे पैसे पतसंस्थेत अडकले तेव्हा नववीत होता तो. रांगेत उभ्या बाबांना डबा द्यायला जायचा. तिसऱ्या दिवशी शटर खाली आलेलं त्याने डोळ्यांनी बघितलंय."

"माहितीये मला. तपासनिसाचा नवरा आणि साधी आवई उठली की रांगेत पहिला. जगासमोर लाज काढायचा माझी."

"मग? लाज वाटायची तर तेव्हा वाटली. आता काय वाटतं?"

यावर शर्वरी म्हणायची, ताई, मीटिंग आहे.

एकत्रीकरणाचा दिवस तीन आठवड्यांवर आला. तीनशे छोट्या बँका एका सामायिक हमीखाली जाणार होत्या. त्यांतली एक होती वाल्मोरेना या इटलीतल्या डोंगरगावची सहकारी बँक, आणि तिचा आकडा फारच गोड होता. आवई उठली की युरोपात सरासरी शंभरातल्या एकतीस सावल्या पळायच्या. वाल्मोरेनात सहा. आकडा इतका गोड असला की तपासनिसाने मुंग्या शोधायच्या असतात. शर्वरीला पाठवलं.

बँकेचे व्यवस्थापक दीनो म्हणून होते, साठीचे, हसरे, कोटाला लोकरीचे धागे चिकटलेले.

"तुमचे खातेदार फार शांत आहेत," शर्वरी म्हणाली.

"डोंगरातली हवा."

"चार हजार एकशे बारा खाती. गावात माणसं किती?"

"उन्हाळ्यात की हिवाळ्यात?"

"आज."

दीनोंनी खिडकीबाहेर बघितलं, जणू मोजून सांगणार. "आज मंगळवार. नऊशे असतील."

"आणि बाकीचे?"

"बाहेरगावी. आमची माणसं कामासाठी जातात हो. पण खातं मोडत नाहीत. गावाची ओढ."

गावाची ओढ शर्वरीला कळत होती. तिने ती वहीत टिपली मात्र नाही. यादीतलं पहिलं नाव काढलं : ओत्ताविया, वय चौऱ्याण्णव, दर मंगळवारी दोन पाव, चार वर्षांत एकही खाडा नाही. पाववाली चौकातच होती. तिचं नाव रोझाल्बा, कोपरापर्यंत पीठ.

"ओत्ताविया आजी आज येऊन गेल्या?"

"येतात ना. फोनवरून." रोझाल्बाने खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "तुम्ही बँकेकडून का?"

"बँकेच्याही वरून."

"मग सांगते, वरच्यांना सांगितलेलं बरं. ओत्ताविया चार वर्षांपूर्वी म्युनिकला मुलीकडे गेली आणि तिथल्या इस्पितळात वारली. पावाचे पैसे मुलीच्या फोनवरून आपोआप येतात, आईच्या खात्यातून."

"आणि पाव कोण खातं?"

"माझ्या कोंबड्या. अंडी बघा एकदा, केवढी देतात."

"मुलीने खातं बंद का नाही केलं?"

रोझाल्बाने तिच्याकडे बघितलं ते, एवढ्या वरून आलेल्या बाईला हे कळू नये, अशा नजरेने. "एका माणसाच्या एका बँकेतल्या लाख युरोंची हमी असते ना? आईचे लाख, आपले लाख. आई गेली की तिचे लाखही हमीतून गेले. म्हणून कोणी आईला जाऊ देत नाही. अर्ध्या गावाचं असंच आहे."

"दीनोंना माहीत आहे?"

"रविवारी अंडी आमच्याकडूनच नेतो तो."

असं होतं सगळं. बँका एक झाल्या, बाजार एक झाला, पण मरणं अजून देशोदेशीची वेगळी होती. म्युनिकमधलं मरण वाल्मोरेनाच्या नोंदवहीत पोचत नव्हतं. तिथे ओत्ताविया नुसती बाहेरगावी होती. कायद्याने खातं जिवंत राहायला नव्वद दिवसांत एक खरेदी पुरे. आणि आरसा हात बघतो. ठरल्या दिवशी ठरलेले दोन पाव घेणारा हात, कधी शिल्लक न बघणारा, कुठल्याच बातमीला न हलणारा : आरशाच्या लेखी याच्याएवढा भरवशाचा खातेदार नाही. मेलेली माणसं रांगेत पळत नाहीत. म्हणून बँक भक्कम. म्हणून रोकड कमी.

पण खरी आवई उठली तर ओत्ताविया पळणार नाही, तिची मुलगी पळेल. म्युनिकमधून, फोनवर, एका मिनिटात.

"तुमचे स्वतःचे पैसे कुठे आहेत?" शर्वरीने विचारलं.

"इथेच. आणखी कुठे?"

"उद्या बँकेचं काही कानावर आलं तर काय कराल?"

"एप्रन काढेन आणि जाईन." रोझाल्बाने मागे वळून बघितलं. "भट्टीत माल असला तर थोडा उशीर होईल."

हमी होती, पण तिजोरी रिकामी झाल्यावर हमीचे पैसे हातात पडायला दिवस जातात, आणि तोवर पिठाचे पैसे कोण देणार? फोनवाले पळतात, पायवाले उरतात.

परतीच्या बसमध्ये शर्वरीने सवयीने निनादची सावली उघडली आणि एक गोष्ट तिच्या लक्षात आली. सहा वर्षं तिने त्याचे गुरुवार बघितले होते. सोमवार कधीच बघितले नव्हते.

तिने मागचा सोमवार काढला. आवई सोडलेली होती. त्यापुढे लिहिलेलं : स्थिर, हालचाल नाही.

निनाद, आणि हालचाल नाही.

ती मागे मागे गेली. तो गेला त्या वर्षी आवईनंतर सावली अडतीस सेकंदांत पळालेली होती. दुसऱ्या वर्षी नऊ मिनिटांनी. तिसऱ्या वर्षी दोन तासांनी. चौथ्या वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी, तेही अर्धेच पैसे काढून. त्यानंतर काही नाही. कॉफी, पेस्ट्री, केशकर्तन; कॉफी, पेस्ट्री, केशकर्तन.

बस वळणावळणाने खाली उतरत होती. शेजारची बाई खिडकीला डोकं टेकून झोपली होती. शर्वरीने ते आकडे पुन्हा एकदा वरपासून वाचले, हिशेब लागत नसला की वाचतात तसे. हिशेब लागतच होता. तिने निनाद जपून ठेवला नव्हता. दर गुरुवारी त्याच्या खात्यात ती थोडी थोडी स्वतःला भरत आली होती. शांत, वक्तशीर, तपासनिसाला शोभेल असा एक नवरा तयार झाला होता. आयुष्यभर तिला हवा होता तसा. त्याची आठवण यावी असं त्याच्यात काहीच उरलं नव्हतं.

कार्यालयात तिची वरिष्ठ मार्गारिदा, पोर्तुगालची, मोजकं बोलणारी. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पटतंय. पण सिद्ध काय करायचं? पाववाली उद्या कोर्टात म्हणेल, मी गंमत केली. मुलगी म्हणेल, आई फिरायला गेलीय. कायद्याने खरेदी हाच जिवंतपणाचा पुरावा."

"तीन आठवड्यांनी तीनशे बँकांची रोकड असल्याच आकड्यांवर कमी होईल."

"म्हणून तर म्हणते, मला एक खातं दाखव. फक्त एक. मरण कागदावर आहे, आणि सावली चालू आहे. त्या तारखेआधीची सावली आणि आजची सावली शेजारी ठेवून दाखवता आली पाहिजे. तेवढ्यावर मी सगळं थांबवू शकते."

"आणि मग त्या सावलीचं काय होतं?"

"मेलेल्याचं वागणं साठवायला कायद्याची परवानगी नाही. चाचणी झाली की त्याच दिवशी पुसायची. जुनी, नवी, सगळी." मार्गारिदाने तिच्याकडे बघितलं. "का? आहे का असं खातं?"

"बघते," शर्वरी म्हणाली.

दोन गुरुवार गेले. सावली दोन्ही वेळा म्हणाली, दहा चाळीस, कॉफी. पहिल्या गुरुवारी शर्वरी गेली. दुसऱ्या गुरुवारी कोट घालून दारापर्यंत गेली, परत आली, आणि खण उघडला. शपथबद्ध भाषांतरकाराला एका पानाला चाळीस मिनिटं लागली. तो म्हणाला, सोपं होतं.

मार्गारिदाने दाखला वाचला. नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"कार्ड कोण वापरत होतं?"

"मी."

"आणि सावली उघडून बघत होतीस, त्याचीही नोंद असेल."

"तीनशेच्या वर सापडतील."

"हे तुझ्या नोकरीचं काय करेल, कळतंय ना?"

"एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या नोकऱ्यांचं तेच करत आलेय. मसुदा मीच लिहून देते, तुझा वेळ वाचेल."

मार्गारिदा हसली नाही. "कॉफीसाठी?" तिने विचारलं.

"कॉफी मला आवडत नाही," शर्वरी म्हणाली.

चाचणी मंगळवारी दुपारी झाली. खोलीत मार्गारिदा, कायदा विभागाचा एक मनुष्य, नाव हेन्री, आणि शर्वरी. पडद्याचे दोन भाग केलेले. डावीकडे आजची सावली. उजवीकडे मरणाच्या तारखेपर्यंत मागे नेलेली, त्यानंतरचं सगळं वगळलेली. हेन्रीने आवई सोडली : बँक अडचणीत असल्याचं वृत्त.

डावीकडे काही झालं नाही.

उजवीकडे तिसऱ्या सेकंदाला ओळ उमटली : शिल्लक बघितली. नवव्या सेकंदाला : शिल्लक बघितली. चौदाव्याला पुन्हा तेच.

"यंत्र अडकलं का?" हेन्रीने विचारलं.

"नाही," शर्वरी म्हणाली. "असाच आहे तो. दार लावलं का हेसुद्धा तीनदा बघायचा."

अडतिसाव्या सेकंदाला पैसे निघाले. अठरा हजार सहाशे चाळीस युरो. डावीकडची सावली तशीच बसून होती, चांगल्या घरच्या पाहुण्यासारखी.

"झालं," मार्गारिदा म्हणाली. "एकाच माणसाची दोन माणसं. यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणार नाही." मग ती पडद्याकडे वाकली. "पण हा फरक कसला? खात्यात बेचाळीस युरो उरलेत. घाबरलेला माणूस सगळे काढतो."

"ते विसरायचा तो," शर्वरी म्हणाली. "प्रत्येक वेळी बेचाळीसच. माझं त्यावरून भांडण व्हायचं. घाबरट तो घाबरट, म्हणायचे मी, वर हिशेबही कच्चा."

"विसरणारा माणूस दर वेळी एकच आकडा विसरत नाही," मार्गारिदा म्हणाली. "हेन्री, कारण उघड."

आरसा मनातलं सांगत नाही; पण हाताने जे केलं ते मागच्या कुठल्या नोंदीला जोडलेलं आहे तेवढं दाखवतो. हेन्रीने ओळ उघडली आणि सरळ आवाजात वाचली. "राखीव. पाच तारखेची आपोआप वजावट, बेचाळीस युरो. पोहण्याचा तलाव, मासिक पास. पासधारक, शर्वरी चौबळ."

शर्वरी पडद्याकडे बघत राहिली. अडतीस सेकंद. नववीतला मुलगा शटरसमोर उभा होता, जग बुडत होतं, आणि त्यातून तिचं पोहणं चुकू नये एवढं त्याने बाजूला काढून ठेवलं होतं. दर वेळी. तिने ओरडून घेतल्यावर तो नुसता मान हलवायचा. खुलासा त्याने कधीच केला नाही. तिने विचारला होता का, हे तिला आठवेना.

"निकाल नोंदवते," मार्गारिदा शेवटी म्हणाली. "वाल्मोरेना आजपासून थांबली. बाकीच्या बँकांची मयत खाती तपासल्याशिवाय एकत्रीकरण होणार नाही. तिथल्या पायवाल्यांनी तुझे आभार मानायला हवेत, पण त्यांना कळणार नाही." तिने एक कागद टेबलावरून पुढे सरकवला. सावल्या पुसण्याची संमती, वारसाची सही.

शर्वरीने पेन घेतलं. टोपण काढलं. मग म्हणाली, "नियम सतरा."

हेन्रीने वर बघितलं.

"निर्णायक चाचणी एकदा पडताळून घ्यावी," शर्वरी म्हणाली. "सही करण्याआधी."

नियम सतरा मार्गारिदानेच लिहिला होता. त्यात 'गरज वाटल्यास' असे दोन शब्दही होते. हेन्रीने घड्याळ बघितलं आणि तोंड उघडलं. मार्गारिदाने त्याच्याकडे न बघता हात वर केला.

"पडताळून घे," ती शर्वरीला म्हणाली.

शर्वरीने खुर्ची पुढे ओढली आणि आवई स्वतःच्या हाताने सोडली.

तिसऱ्या सेकंदाला त्याने शिल्लक बघितली.